बासष्ट खिळे

सेक्रेटरींनी मला फक्त बिल्ले घासायला सांगितले होते. हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. त्या शनिवारी निरनिराळ्या माणसांनी मला हाच प्रश्न इतक्या वेळा विचारला, की शेवटी शेवटी कुणी नुसतं माझ्याकडे वळून पाहिलं तरी मी आपणहून म्हणू लागलो, "हो, फक्त घासायला."

तर आमचा शिडाच्या होड्यांचा क्लब आहे. 'आमचा' हे जरा धाडसानेच म्हणतोय. क्लब बायकोचा आणि सासऱ्यांचा. सासरे तिथले तीन नंबरचे सभासद, आणि बायकोला चालता यायच्या आधी सुकाणू धरता येत होतं असं तिच्या माहेरी सांगतात. मला बोट लागते. धक्क्याला दोन दोरांनी बांधून ठेवलेली बोटसुद्धा लागते. त्यामुळे लग्नानंतरची चौदा वर्षं मी सुट्टीच्या दिवशी धक्क्यावरच्या बाकावर बसून तिच्या चपला सांभाळत आलो. क्लबच्या पाहुण्यांच्या वहीत माझं नाव लिहीत नाहीत. तिच्या नावापुढे नुसतं 'सोबत' असं लिहितात. चौदा वर्षं मी 'सोबत' होतो. गेल्या वर्षी मात्र मी जिद्दीने अर्ज केला आणि उमेदवार सभासद झालो.

उमेदवाराने वर्षभर इतरांचे दोर गुंडाळायचे, ओली शिडं वाळत घालायची, आणि वार्षिक संमेलनात सगळे हात वर करून ठरवतात की हा माणूस ठेवायचा की नाही. ठेवला, तर त्याला फळ्यावर एक खिळा मिळतो.

फळ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. क्लबच्या दालनात शिरल्याबरोबर डाव्या हाताला, खिडकीच्या चौकटीला लागून, दारापेक्षा रुंद असा एक लाकडी फळा आहे. त्यावर बासष्ट खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एक गोल पितळी बिल्ला. बिल्ल्याच्या एका बाजूला बटणाएवढा लाल ठिपका, दुसऱ्या बाजूला पांढरा, आणि दोन्हीकडे ठिपक्याखाली कोरलेला नंबर. होडी घेऊन निघालात की आपला बिल्ला लाल करायचा, परत आलात की पांढरा. एखादा बिल्ला लाल राहिला तर माणूस पाण्यावर राहिला. इतकी साधी व्यवस्था. उमेदवाराला खिळा नसतो. माझा त्रेसष्ट नंबरचा बिल्ला वर्षभर बिस्किटांच्या डब्यात पडून होता.

आता मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, दुधाची मापं तपासणं हे माझं काम. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक ग्रॅम इकडचा तिकडे झालेला नाही. अशा माणसाला तो फळा पाहून काय वाटत असेल याची कल्पना करा. सातच्या शेजारी अठ्ठेचाळीस. त्याच्या खाली बारा. एक खिळा गुडघ्याच्या उंचीवर, कारण तो सभासद झाला तेव्हा सहा वर्षांचा होता. एक इतका उंच, की खुर्ची घ्यावी लागेल. पण तो ज्यांचा होता ते गृहस्थ स्वतःच तेवढे उंच होते. ज्याला जिथे वाटलं तिथे त्याने खिळा ठोकलेला. बिल्ले काळे पडलेले, नंबर वाचता येत नव्हते, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

संमेलनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी पॉलिशचा डबा घेऊन क्लबवर गेलो. बायको घरी शिडाला ठिगळ लावत बसली होती. दालनात मी एकटाच, आणि सोबत आमच्या शेजारचे वकील. तेही क्लबचे सभासद. त्यांना घासायचं काहीच नव्हतं, ते सल्ला द्यायला आले होते.

"एकेक काढून घासत बसलात तर उद्या दुपार होईल," वकील म्हणाले. "सगळे बादलीत टाका. एकदम घासा, एकदम पुसा."

मी सगळे बिल्ले बादलीत टाकले. ते लख्ख निघाले. टेबलावर बासष्ट बिल्ले ओळीने वाळत घातल्यावर माझी छाती फुगली. मग मी एक बिल्ला उचलला, फळ्यापाशी गेलो, आणि तिथेच थांबलो. कुठला कुठे होता? खिळ्यांच्या शेजारी नंबर नव्हते. कुठे यादीही नव्हती.

त्या क्षणी कुणीही शहाण्या माणसाने सेक्रेटरींना फोन केला असता. मला मात्र कल्पना सुचली.

"नंबराप्रमाणे लावले तर?" मी म्हणालो.

"कायदेशीरदृष्ट्या तेच योग्य," वकील म्हणाले. "पण खिळे वेडेवाकडे आहेत. एकानंतर दोन कुठे आहे हे कसं कळणार? ओळी पाहिजेत."

मग मी गाडीतून पक्कड आणली. बासष्ट खिळे उपसले. भोकं सुतार लाकडात भरतात त्या लांबीने बुजवली. फूटपट्टीने ओळी आखल्या. माझी फूटपट्टी सरकारी, शिक्का मारलेली. एका ओळीत दहा बिल्ले, दोन खिळ्यांमधलं अंतर बरोबर साडेसात सेंटीमीटर. वकील मधूनमधून "डावीकडे किंचित वर" म्हणत होते, आणि मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करत होतो. सगळं झाल्यावर मी चार पावलं मागे सरकून पाहिलं. एक ते बासष्ट. एखाद्या गोष्टीकडे पाहून डोळे निवतात म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. यानंतर माझ्याविरुद्ध हात वर करण्याची कुणाची हिंमत होते ते मला पाहायचंच होतं. घरी मी बायकोला काही बोललो नाही. म्हटलं, उद्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहील.

शनिवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. खाडीचं पाणी राखाडी झालं होतं आणि वारा असा, की धक्क्यावरचा झेंडा ताठ आडवा उभा होता. होड्या काढायच्या की नाही यावर बराच वाद झाला. सेक्रेटरी म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. कुठलाही निर्णय ते हवेत बोटाने रेघ मारून देतात. त्यांनी रेघ मारली. ज्यांना झेपेल त्यांनी जावं, साडेदहाला पिवळा झेंडा चढला की सगळ्यांनी परत यावं, आणि ज्याला वाऱ्यापुढे येता येणार नाही त्याने पलीकडच्या बंधाऱ्याआड होडी लावून रस्त्याने चालत यावं.

मला फळ्याची जबाबदारी मिळाली होती. फळ्याकडे पाठ करून टेबलाशी बसायचं आणि वहीत नोंद करायची. बायकोने नेहमीप्रमाणे चपला काढल्या. बाकावर आज मी नव्हतो, म्हणून त्या मी माझ्या टेबलाखाली ठेवून घेतल्या.

मंडळी येऊ लागली. प्रत्येकाच्या खांद्यावर शीड, काखेत दोर, तोंडावर रेनकोटची टोपी. "वा, काय चमकतंय!" असं म्हणत प्रत्येक जण माझ्या पाठीमागून जात होता, आणि टक् असा बिल्ला उलटल्याचा आवाज येत होता. टक्. "छान घासलेत हो." टक्. सासरे आले. टक्. बायको आली. "अहो, वारा वाढला तर मी बंधाऱ्याआड जाईन. काळजी करू नका," असं म्हणाली, कोपर खिडकीच्या चौकटीला टेकलं, आणि टक्. एकोणीस आवाज मी मोजले. उठून फळ्याकडे पाहिलं, एकोणीस लाल. वहीत एकोणीस नंबर लिहिले आणि खाली सही केली. त्या वहीइतकी चोख वही त्या क्लबात तोवर झाली नसेल.

ओळींबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. याचं मला जरा वाईट वाटलं. मला वाटलं, हेवा असेल.

थोड्या वेळाने वकील आले. ते पाण्यावर जाणार नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की वाऱ्यात कुणीतरी किनाऱ्यावर राहून परिस्थितीचा आढावा घ्यायला हवा. ते माझ्या मागे फळा न्याहाळत उभे राहिले, काहीतरी पुटपुटले, पुन्हा एक टक् आवाज आला, आणि ते सूप तयार आहे का ते पाहायला गेले. मी मान वळवली नाही. हे आता आठवलं की मान दुखते.

साडेदहाला पिवळा झेंडा चढला. तोवर पाऊस आडवा येऊ लागला होता. होड्या एकेक करून धक्क्याला लागत होत्या, माणसं निथळत आत येत होती. टक्, टक्, टक्. काही जण बंधाऱ्यावरून चालत आले. टक्. अकराच्या सुमाराला मी फळ्याकडे पाहिलं. एकच बिल्ला लाल होता. नंबर सतरा.

मी उठलो. माझ्या आयुष्यातला हा मोठा क्षण होता. "एक माणूस पाण्यावर राहिलाय," मी दालनाला ऐकू जाईल असं म्हणालो. "नंबर सतरा!"

मग सगळे एकमेकांना विचारू लागले, सतरा कोण? कुणालाच माहीत नव्हतं. मुळात बहुतेकांना स्वतःचाही नंबर माहीत नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सेक्रेटरींनी कर्ण्यावरून आरोळी दिली, "सतरा नंबरसाठी बचावबोट!" बचावबोट आमचे प्लंबर चालवतात. तिच्यावर नियमाप्रमाणे दोन माणसं लागतात, म्हणून सोबत दातांचे डॉक्टर गेले. दोघं त्या पावसात लाटांवर आपटत निघून गेले.

मी सभासदांचं जुनं रजिस्टर काढलं. ते कुलपात, किल्ली सेक्रेटरींच्या ओल्या कोटात, कोट स्वयंपाकघरात वाळत. वीस मिनिटांनी सतरा नंबरचं पान सापडलं. त्यावर लिहिलं होतं: दातांचे डॉक्टर.

"ते हरवलेत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ते शोधायला गेलेत," मी म्हणालो.

"कुणाला?"

"सतरा नंबरला."

सेक्रेटरींनी हवेत रेघ मारायला बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. पुढची पंचवीस मिनिटं आम्ही धक्क्यावरून रुमाल हलवत होतो. डॉक्टरांना वाटलं, आम्ही त्यांना आणखी पुढे शोधा असं सांगतोय. शेवटी ते परतले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते.

"डॉक्टर, सतरा नंबर म्हणजे तुम्हीच," सेक्रेटरी म्हणाले.

"शक्य नाही. मी आज गेलोच नव्हतो," डॉक्टर म्हणाले. मग जरा विचार करून, "म्हणजे आता गेलो होतो. पण सापडलो नाही."

ते तरातरा फळ्यापाशी गेले, सतरा पांढरा केला, आणि माझ्याकडे पाहिलं. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, माझ्याकडे फक्त घासायचं काम होतं. तेवढ्यात सासरे चष्मा पुसत उठले. म्हणाले, "गंमतच आहे. मी परत आलो, चष्मा लावून बघतो तर माझा तीन नंबर पांढराच. मी कधी तो लाल केलाच नाही की काय? आता वय झालं." आणि ते पुन्हा सूप पिऊ लागले. यावर माझ्या डोक्यात काहीतरी हललं खरं, पण त्याला आकार येईना. मी त्यांच्या वयाचा विचार करून सोडून दिलं.

फळा आता सगळा पांढरा होता. सगळे जमिनीवर. सूपची दुसरी फेरी सुरू झाली. मी रजिस्टरात पाहिलं. बायकोचा नंबर चव्वेचाळीस. फळ्यावर चव्वेचाळीस पांढरा. म्हणजे बंधाऱ्यावरून चालत येऊन कुठेतरी कपडे बदलत असेल. मी निवांत बसलो, पाय पसरले, आणि माझ्या पायाला तिच्या चपला लागल्या.

मी खाली वाकून पाहिलं. दोन्ही होत्या.

"बाबा, ती दिसली का हो तुम्हाला?" मी सासऱ्यांना विचारलं.

"बंधाऱ्याआड जाणार म्हणाली होती. आली असेल की. फळा पांढरा आहे ना?"

"चपला इथे आहेत. बंधाऱ्यावर सगळी खडी आहे. आली असती तर आधी चपला घ्यायला माझ्याकडे आली असती."

सासऱ्यांनी वाटी खाली ठेवली. चाळीस वर्षं त्या फळ्यावर विश्वास ठेवलेला माणूस तो. त्यांनी एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या चपलांकडे, आणि ते गोंधळून गेले. मी धावत वकिलांना गाठलं.

"सकाळी तुम्ही कुठला बिल्ला उलटलात?"

"माझाच. तीस. मी पाण्यावर गेलेलो नसताना मला लाल दाखवलं होतं! असल्या चुकीच्या नोंदीचे परिणाम काय होऊ शकतात, कल्पना आहे तुम्हाला? मी ताबडतोब दुरुस्त केली."

"कुठे होता तो?"

वकिलांनी दाखवलं. खिडकीच्या चौकटीला लागून, कोपराच्या उंचीवर.

लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोने मला तो फळा दाखवला होता. म्हणाली होती, "चौकटीला कोपर टेकलं की हात बरोबर माझ्या खिळ्यावर जातो. बघावंच लागत नाही." आणि मला एकदम सगळं दिसलं. कुणीच बघत नव्हतं. त्या क्लबात कधीच कुणी नंबर वाचून बिल्ला उलटला नव्हता. डोळ्यांत पाणी, हातांत दोर, काखेत शीड, आणि हात आपोआप आपल्या जागेवर. तो फळा वेडावाकडा नव्हताच. बासष्ट माणसांच्या हातांच्या सवयीने तो रचलेला होता, आणि मी तो काल संध्याकाळी सरकारी फूटपट्टीने सरळ केला होता. सासऱ्यांनी डॉक्टरांना लाल केलं, बायकोने वकिलांना लाल केलं, आणि वकिलांनी तिला पुसून टाकलं.

मी सेक्रेटरींकडे गेलो. "बचावबोट सोडा. माझी बायको पाण्यावर आहे."

सेक्रेटरींनी फळ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नाही, पण नुकतेच एकदा तोंडावर पडलेले. "त्या पांढऱ्या आहेत," ते म्हणाले. "नियम चौदा. बचावबोट फळ्यावर लाल असलेल्या व्यक्तीसाठीच सोडता येते. मागे एकदा कुणीतरी टोपी आणायला नेली होती, तेव्हापासून. जमिनीवरच्या माणसाला पाण्यातून कसं वाचवायचं?"

"फळा चुकीचा आहे."

"फळा चुकीचा कसा असेल? काल तुम्हीच नीट केलात."

खरं सांगतो, त्या क्षणी मला रागही आला नाही. फक्त भीती वाटली, आणि ती इतकी वाटली की मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी पद्धतीने विचार करायचा थांबलो. मी सरळ फळ्यापाशी गेलो, चव्वेचाळीस शोधला, आणि उलटला. टक्.

"झाली लाल," मी म्हणालो. "आता सोडा."

"ही नोंदीत ढवळाढवळ आहे!" वकील म्हणाले.

"कालपासून तेच करतोय," मी म्हणालो.

सेक्रेटरींनी रेघ मारली. प्लंबर उठलेच होते. डॉक्टर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेले, त्यांच्याने उठवेना. दुसरा माणूस हवा होता. मी धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट अशी वरखाली होत होती, की नुसतं बघूनच मला कळायचं ते कळलं.

"साहेब, तुम्हाला बोट लागते ना?" प्लंबरांनी विचारलं.

"लागते."

"मग वाऱ्याच्या त्या बाजूला तोंड करून बसा. माझ्याकडे नको."

पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन मी करणार नाही. मी वाऱ्याच्या त्या बाजूला तोंड करून होतो एवढं पुरे. लाट आली की बोट उभी राहायची आणि आपटायची, आणि प्रत्येक आपटीला मी मनात म्हणत होतो, कुणी सांगितलं होतं? फक्त घासायला सांगितलं होतं. एका हाताने बोटीची कड धरली होती. दुसऱ्या हातात तिच्या चपला होत्या. त्या मी का आणल्या होत्या, ते मला आजही सांगता येणार नाही.

ती बंधाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती. अलीकडे गाळाच्या उंचवट्यापाशी तिची होडी उलटी झाली होती, डोलकाठी खाली गाळात रुतलेली, आणि उलट्या होडीच्या पाठीवर ती पाय जवळ घेऊन, दोन्ही हातांनी दोर धरून बसली होती. केस तोंडावर चिकटलेले. आम्हाला पाहून तिने हात वर केला. घाबरून नव्हे, बस थांबवायला करतात तसा.

प्लंबरांनी तिला ओढून घेतलं. ती थरथर कापत होती. मी तिच्या पायात चपला घातल्या. त्या आगीच्या बंबासारख्या लाल, ओल्या बोटीत चपला कशाला लागतात, पण मी घातल्या. ती हसली.

"तुम्ही कसे काय आलात?" ती म्हणाली. "तुम्हाला तर..."

मी मान हलवली. बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

"तासभर झाला असेल," ती दात आवळून म्हणाली. "पण मला भीती नाही वाटली हो. थंडी वाजत होती, तेवढंच. जाताना बिल्ला लाल केला होता ना मी. म्हटलं, फळ्यावर मी लाल आहे, म्हणजे कुणीतरी येणारच. मोजतच बसले होते, आता कुठल्याही क्षणी बोट दिसेल."

मी वाऱ्याच्या त्या बाजूला तोंड फिरवलं. प्लंबरांना वाटलं मला पुन्हा होतंय. मला रडू आलं होतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर मी तिला सगळं सांगितलं. सूपची वाटी तिच्या दोन्ही हातांत होती, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती चिडेल. त्याची तयारी मी बोटीतच करून ठेवली होती. ती फक्त म्हणाली, "साडेसात सेंटीमीटर?" मी म्हटलं, बरोबर साडेसात. तिने सुपाचा एक घोट घेतला आणि खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं. मला वाटतं, त्यापेक्षा ती चिडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी सभा भरली. माझ्या सभासदत्वाचा विषय तिसरा होता, तो पहिला घेतला. मी उभा राहून सगळं कबूल केलं. वकिलांचं नाव घेतलं नाही, तरी ते तीनदा उठून म्हणाले की आपला यात काही संबंध नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, सभासदत्व पुढच्या वर्षापर्यंत तहकूब. कुणी विरोध केला नाही. मीही केला नसता.

"आणि फळ्याचं काय?" डॉक्टरांनी विचारलं. "कुणाची जागा कुठे होती, ते कुणाला आठवतंय?"

कुणालाच आठवत नव्हतं. सगळे आठवायला लागले की आणखीनच चुकत होते. एक म्हणायचा माझा वर होता, दुसरा म्हणायचा ती जागा माझी. वाद वाढत चालला. तेव्हा सासरे उठले, फळ्यापाशी गेले, डोळे मिटले, आणि खांद्यावर शीड असल्यासारखा खांदा वाकडा करून हात पुढे केला. बोट वरच्या भागात, मध्याच्या जरा उजवीकडे टेकलं.

"इथे ठोका," डोळे न उघडता ते म्हणाले.

मी पक्कड आणि हातोडा घेऊन तयारच होतो. एकसष्ट खिळे मी त्या दुपारी पुन्हा ठोकले. प्रत्येक जण यायचा, डोळे मिटायचा, हात पुढे करायचा. गुडघ्याजवळच्या खिळ्याचा मालक आता टक्कल पडलेला गृहस्थ आहे, तो डोळे मिटून खाली वाकला. डॉक्टर दात वाजवत आले, तरी त्यांचं बोट हललं नाही. वकिलांचं बोट दर वेळी भलतीकडे पडलं, तेव्हा कळलं की ते वर्षातून एकदाच येतात. शेवटी बायको आली. चौकटीला कोपर टेकलं, डोळे मिटले, आणि मी तिच्या बोटाखाली बासष्टावा खिळा ठोकला. फळा पहिल्यासारखा भयंकर दिसू लागला. लांबीचे पांढरे डाग मात्र तसेच राहिले.

मी हातोडा ठेवून निघालो, तर सेक्रेटरींनी वही उघडली. "एक अडचण आहे," ते म्हणाले. "बचावबोटीवर दोन माणसं गेली. प्लंबर लाल होऊन गेले आणि पांढरे होऊन आले. दुसरा माणूस बिल्ला न उलटताच गेला. म्हणजे नोंदीप्रमाणे तो गेलेलाच नाही. आणि जो गेलाच नाही, त्याला परत आलेला कसा दाखवायचा? वही बंद करता येत नाही."

"उमेदवाराला खिळा नसतो," वकील म्हणाले.

सेक्रेटरींनी बोट उचललं, बराच वेळ हवेत धरलं, आणि मग रेघ मारली. "वहीसाठी," ते म्हणाले. "फक्त वही बंद करण्यासाठी, तात्पुरता."

बिस्किटांच्या डब्यातून त्रेसष्ट नंबर काढला. सासरे म्हणाले, "जावईबापू, मिटा डोळे." मी मिटले. हात पुढे केला. तो आधी सेक्रेटरींच्या चष्म्याला लागला, मग खिडकीच्या काचेला, आणि मग एका गार, गोल बिल्ल्यावर जाऊन थांबला.

"ती जागा माझी आहे," बायको म्हणाली.

"मग तिच्या खाली ठोका," सासरे म्हणाले.

खिळा तिने ठोकला. जरा वाकडाच गेला. मी फूटपट्टी काढली नाही. बिल्ला अडकवला आणि सगळ्यांसमोर लाल केला. टक्.

"आता?" मी विचारलं.

"आता पांढरा करा," ती म्हणाली. "परत या."

मी तो उलटला. सेक्रेटरींनी वहीत लिहिलं आणि वही मिटली.